नक्कल. पुढे.

१

आपला बोका दार उघडण्याआधी ‘कोण आहे?’ असं विचारतो, हे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आम्हाला सात पानी पत्र लिहून कळवलं होतं. सोबत बोक्याचा फोटो होता. बोका मुख्याध्यापकांपेक्षा हुशार दिसत होता, पण ती काही फार मोठी गोष्ट नव्हती.

अशी पत्रं आमच्या लॅबमध्ये दर आठवड्याला येतात. कुणाचा कुत्रा माफी मागतो, कुणाची घोडी दिवस मोजते. एका बाईंच्या मते त्यांची शेळी त्यांच्या सुनेविषयी बरं बोलत नाही. ‘आवाज नीट ऐकलात तर तो तुमचाच असावा,’ असं उत्तर मी लिहिलं होतं. आमच्या मुख्य बाईंनी ते फाडून टाकलं आणि मला पत्रांच्या कामावरून काढून तुकड्यांच्या कामावर बसवलं.

तुकडे म्हणजे ध्वनिमुद्रणाचे छोटे छोटे भाग. बोलणारे पक्षी आणि बोलायला शिकणारी लहान मुलं, दोघांचे. यंत्र सगळ्यांचे आवाज एका पातळीवर आणतं. उंची, गोडवा, चिरकेपणा सगळं सपाट होऊन जातं आणि उरतात फक्त शब्द व त्यांच्या मागेपुढे तीन सेकंदांचे आजूबाजूचे आवाज. कोण बोलतंय ते मला सांगत नाहीत. मी हेडफोन लावायचे, ऐकायचं आणि तीनपैकी एक कळ दाबायची. एक म्हणजे अर्थ आहे. दोन म्हणजे नक्कल. तीन म्हणजे नुसता आवाज. सवयीनं बोट पुढे पळू नये म्हणून निकाल आधी मोठ्यानं बोलायचा आणि मगच कळ दाबायची, असा नियम आहे. हे काम मी घरूनच करते, त्यामुळे दिवसभर आमच्या घरात माझा आवाज घुमत असतो: ‘नक्कल. पुढे.’ ‘नक्कल. पुढे.’

तीन वर्षांत मी तीन लाख तुकडे ऐकले. नंतर नावं उघड करून ताडून पाहतात, तेव्हा माझ्या हातून एकाही पक्ष्याला ‘अर्थ आहे’ मिळालेलं नसतं. बाकीच्यांचे कान पाघळतात, माझा नाही. मला त्याचा गर्व होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

लपवत होते ती वेगळीच गोष्ट. माझी मुलगी सव्वादोन वर्षांची होती आणि तिला फक्त पाच शब्द येत होते. आई, पाणी, नको, दे आणि भूर. तिच्या वयाची मुलं वाक्यं बोलतात, भांडतात, खोटंसुद्धा बोलतात. स्पीच थेरपिस्टनी सोळा तारीख दिली होती. ‘तोपर्यंत शब्द वाढतात की कमी होतात ते बघा,’ असं त्या सहज म्हणाल्या होत्या. कमी होऊ शकतात, हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

२

लॅबला रंग द्यायचा होता. रंगाच्या वासानं पक्षी मरतात, म्हणून तीन आठवड्यांसाठी एकेक पक्षी एकेकाच्या घरी गेला. माझ्या वाट्याला अकरा नंबर आली.

ती मैना होती. काळीभोर, केशरी चोचीची, डोळ्यांमागे पिवळ्या कातडीचे दोन पट्टे, जणू चष्म्याच्या काड्या. मैना म्हटलं की लोकांना लगेच पाझर फुटतो, म्हणून लॅबमध्ये नंबरच वापरतात. पिंजऱ्याला माइक अडकवलेला होता, तो दिवसाचे चार तास चालू राहायचा आणि आवाज आपोआप लॅबला पोचायचा. सोबत सूचनांचा एक कागद होता. त्यातली शेवटची सूचना अशी: पक्षी चुकला तर ओरडू नये, रागावू नये. त्याच्याकडे पाठ वळवून मनात दहा मोजावेत आणि मग पुन्हा वळावं. यापेक्षा मोठी शिक्षा पक्ष्याला लागत नाही.

‘आणि नवऱ्याला?’ कागद वाचून माझा नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करतो.

‘नवऱ्याला कळतच नाही पाठ वळवलेली.’

‘अगं, बोलते म्हणून एवढं काय कौतुक? आमची लिफ्टसुद्धा बोलते. दरवाजा बंद होत आहे, म्हणते. मी तिला कधी चहा विचारला नाही.’

याच कारणासाठी मी त्याच्याशी लग्न केलं असावं.

सासूबाई मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. त्यांनी पिंजऱ्यासमोर खुर्ची ओढली आणि पाहुणी आल्यासारखी तिची विचारपूस केली. प्रवास कसा झाला, इथपर्यंत.

‘आई, तिला काही कळत नाही.’

‘तुला कसं कळलं, तिला कळत नाही ते?’

‘माझं तेच काम आहे.’

‘हो गं बाई, शिकलेली तू,’ त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या फक्त मला हरवायचं असतं तेव्हाच वापरतात.

पिंजरा कुठे ठेवायचा हा प्रश्न होता. स्वयंपाकघर सोडून दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, आतल्या खोलीत मुलीचा पलंग. मी पिंजरा आत ठेवला. उजेड चांगला येतो, असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण लिहिताना अजून लाज वाटते. सारखं कुणीतरी बोलत राहिलं तर ठमीच्या कानावर शब्द पडतील, असं मला वाटलं होतं. ठमी म्हणजे माझी मुलगी. ज्या पक्ष्यांना मी तीन वर्षं काडीची किंमत दिली नव्हती, त्यांच्यातलाच एक मी स्वतःच्या मुलीला शिकवणीला लावला.

दुसरी लबाडी याहून वाईट. आम्हाला लहान मुलांचे आवाज कायम कमी पडतात. मी ठमीच्या अंगरख्याला एक माइक लावला आणि लॅबमधल्या ध्वनिवाल्याला सांगितलं की शेजारणीचं मूल आहे. नात्यातल्या मुलाचे तुकडे त्याच माणसाकडे येऊ नयेत असा नियम आहे. मला ते माझ्याकडेच यायला हवे होते. आई म्हणून ऐकलं तर मला तिच्या शिंकेतही वाक्य ऐकू येई. नाव झाकलेलं असताना, आवाज सपाट केलेला असताना, माझा स्वतःचा निर्दय कान तिच्याविषयी काय म्हणतो ते मला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या कानावर माझा विश्वास नव्हता.

३

लॅबमध्ये अकरा नंबर दिवसभर बडबडायची. आमच्या घरी ती गप्प होती.

नवीन जागा, असं मी म्हटलं. पहिले चार दिवस त्यात काही नवल नव्हतं. पाचव्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरातून आतल्या खोलीकडे जात होते. मला घरात सपाता घालायची सवय आहे, रबरी, चालताना फट फट वाजतात. खोलीच्या दाराशी पोचले तेव्हा आत शांतता होती आणि ती मला खटकली.

का खटकली ते समजायला दोन दिवस लागले. शांतता नुसती असते, तशी ती नव्हती. ती तेवढ्यात सुरू झाली होती. आपण खोलीत शिरल्यावर बायकांचा घोळका गप्प होतो ना, तशी.

आत ठमी जमिनीवर बसली होती, पिंजऱ्याकडे तोंड करून. अकरा नंबर दांडीवर. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. ठमीनं मान थोडी तिरकी केली आणि एका डोळ्यानं पाहिलं.

‘काय चाललंय गं?’ मी म्हटलं.

काही नाही. ठमीच्या तोंडून ‘आई’सुद्धा नाही.

त्या संध्याकाळी मी वहीत शब्द मोजले. आई म्हणून तीन दिवस झाले होते. भूर त्याआधीच गेलं होतं. पाणी हवं असेल तर ती आता पेल्यापाशी जाऊन उभी राहायची आणि मला समजेपर्यंत वाट बघायची. वाट बघताना तिचा चेहरा ओळखीचा वाटायचा. मठ्ठ विद्यार्थ्यासमोर उभ्या असलेल्या बाईंचा असतो तसा.

‘मुलं असं करतात,’ नवरा म्हणाला. ‘माझं मुळीच लक्ष नव्हतं बोलण्याकडे. साडेतीन वर्षांचा झालो तेव्हा एकदम सुरू झालो.’

‘आणि तेव्हापासून थांबला नाहीस.’

तो हसला. मीही हसले.

शुक्रवारी सासूबाई भाजी निवडत म्हणाल्या, ‘तुझ्यासमोर बोलत नाही ती. माझ्यासमोरही नाही. पण आत बोलते.’

‘कुणाशी?’

त्यांनी हनुवटीनं आतल्या खोलीकडे खूण केली.

‘आई, प्लीज. पक्षी ऐकलेलं परत म्हणतो. त्याला बोलणं म्हणत नाहीत.’

‘बरं. मग ठमी काय करते?’

‘म्हणजे?’

‘ऐकलेलंच परत म्हणते ना तीही? तू नाही का माझ्याच पद्धतीनं हिला दटावतेस? मी काय तुला नक्कल म्हणते?’

मी नाकानं कांदे सोलणाऱ्या माणसाच्या थाटात त्यांना फरक समजावून सांगितला. हेतू, संदर्भ, नवी वाक्यं घडवण्याची क्षमता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, ‘चहा टाक.’

४

सोमवारी मी सपाता काढल्या.

दुपारचे तीन वाजले होते, ऊन खोलीभर होतं. सपाता टेबलाखाली ठेवून मी अनवाणी दारापर्यंत गेले. दार लोटलेलं होतं, चार बोटं उघडं.

आतून माझा आवाज येत होता.

‘हे काय आहे? सांग. हे काय आहे?’

माझाच. सकाळी ठमीला चित्रांचं पुस्तक दाखवताना काढते तो लाडाचा नव्हे. दुपारी चारच्या सुमाराला, पाचशे तुकडे झाल्यावर असतो तो, दमलेला, कोरडा. मला आधी हसू आलं. मग मला माझी चीड आली, कारण आपला आवाज इतका तुसडा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ठमी काहीतरी पुटपुटली.

‘नाही,’ माझा आवाज म्हणाला.

त्यानंतर नखांचा खरखर आवाज झाला, दांडीवर कुणी फिरल्यासारखा. आणि काहीच नाही. मी दारापाशी श्वास रोखून उभी होते, म्हणून माझ्याकडून नकळत मोजलं गेलं. सात, आठ, नऊ. दहाला पुन्हा तीच खरखर.

‘पुढे,’ माझा आवाज म्हणाला.

फटीतून फक्त ठमीची पाठ दिसत होती. ती ताठ बसली होती, हात मांड्यांवर. घरात एवढी शहाण्यासारखी बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. जेवताना तर नाहीच.

मी टेबलाशी परत आले आणि कागदावर मुद्दे काढले. एक, ‘पुढे’ हा शब्द मैना माझ्याकडून रोज शेकडो वेळा ऐकते. दोन, पाठ वळवून दहा मोजायची पद्धत तिनं लॅबमध्ये वर्षानुवर्षं पाहिली आहे. तीन, शब्दांबरोबर हालचालींची नक्कल करणं पक्ष्यांना जमतं. चार, मला झोप कमी मिळते. मुद्दे बिनतोड होते. मी पूर्ण कागद वाचला आणि स्वतःला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, ‘नक्कल.’

आणि कागद खणात टाकला.

संध्याकाळी मैनेची परीक्षा घेतली. लाल ठोकळा दाखवला, किल्ली दाखवली. हे काय आहे, सांग. अकरा नंबरनं किल्लीकडे पाहिलंच नाही. ती माझ्या ओठांकडे पाहत होती. माझं बोलून संपलं, तेव्हा तिनं दुसरीकडे मान वळवली. मला बरं वाटलं. अगदी खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं.

५

बुधवारी ध्वनिवाल्याचा फोन आला. हा माणूस कायम काहीतरी खात बोलतो.

‘ताई, थट्टा करताय का?’

‘कसली?’

‘पंधरा दिवसांची नावं उघडली आत्ता. तुम्ही एका पक्ष्याला अर्थ दिलात.’

‘एखादा निसटला असेल.’

‘एकोणचाळीस,’ तो म्हणाला आणि त्यानं खाणं थांबवलं. ‘एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस. अकरा नंबर. आणि उलटा प्रकार म्हणजे ते तुमच्या शेजारणीचं मूल आहे ना, त्याला सगळीकडे नक्कल. एकही अर्थ नाही. कान धुऊन घ्या, ताई. बाई मला विचारत होत्या, हिला रजा हवीये का.’

‘मला मूळ ध्वनी पाठव. सपाट न केलेले, क्रमानं.’

‘नियमात बसत नाही.’

‘पाठव.’

मला ते तुकडे आठवत होते. इतके जिवंत तुकडे मला कित्येक महिन्यांत मिळाले नव्हते. ‘ते नको, दुसरं.’ ‘अजून एकदा, पण हळू.’ ऐकताना मी मनाशी म्हटलं होतं की ही पोर चार वर्षांची असणार, घरात धाकटं भावंड असणार आणि ही त्याला शाळा-शाळा खेळत शिकवत असणार. कौतुकानं माझा ऊर भरून आला होता. माझ्या ठमीला अशी एखादी ताई असती तर, असंही वाटून गेलं होतं.

त्यातला एक तुकडा खास लक्षात राहिला होता. दोनच शब्द: ‘आली. गप.’ मागेपुढे तीन सेकंदांचे आवाज. आधी मुलं कुजबुजत असल्यासारखं काही, मग ते दोन शब्द, मग शांतता, आणि शांततेत फट फट फट जवळ येणारी पावलं. आईला चुकवणाऱ्या पोरांचा तुकडा. मी हसत हसत म्हटलं होतं, ‘अर्थ आहे. पुढे.’

मी टेबलाखाली पाहिलं. माझ्या पायांत माझ्या सपाता होत्या.

मूळ ध्वनी आले. तीन फाइली होत्या. पहिलीच ऐकली, तीही पूर्ण नाही.

माझा दमलेला आवाज: ‘आली. गप.’

मग ठमी, कुजबुजत, बरोबर त्याच चालीत: ‘आली गप. आली गप. आली गप.’

मग माझा आवाज, कंटाळून: ‘नक्कल.’

६

मी हेडफोन काढले. घरात काहीच वाजत नव्हतं. दुपारचे सव्वातीन. सपाता काढायचं मला सुचलं नाही, त्या फटफटत गेल्या, आणि मी दारापाशी पोचायच्या आत आतल्या शांततेची सुरुवात मला स्पष्ट ऐकू आली.

दार ढकललं.

ठमी पिंजऱ्यासमोर बसली होती. पिंजऱ्याचं दार उघडं होतं. ते मी उघडलं नव्हतं, आणि त्याचा आकडा ठमीच्या हाताला पोचत नाही. अकरा नंबर आतच होती. बाहेर यायची तिला काही निकड दिसत नव्हती.

‘ठमी,’ मी म्हटलं. ‘चल राणी. आईकडे ये.’

ठमीनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं अकरा नंबरकडे पाहिलं. ते पाहणं मला ओळखीचं होतं. लॅबमध्ये नवीन आलेल्या मुली पहिल्या दिवशी तुकडा ऐकून असंच माझ्याकडे पाहतात. याला काय द्यायचं, असं विचारत.

‘ठमी, ये ना गं. आई आहे मी.’

अकरा नंबरनं मान तिरकी केली. एका डोळ्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, सपातांपाशी जरा थांबली, पुन्हा वर आली. तीन वर्षं मी कुणाकुणाकडे कसं पाहत आले हे मला त्या वेळी दिसलं. मुख्याध्यापकांकडे, शेळीवाल्या बाईंकडे, चहा टाक म्हणणाऱ्या सासूबाईंकडे. त्यात द्वेष नव्हता. द्वेष करायला समोरच्याला काहीतरी मानावं लागतं.

‘आई आहे मी,’ मी पुन्हा म्हटलं, आणि माझं मलाच ऐकू आलं की ते मी आधीसारखंच, त्याच चालीत म्हटलंय.

‘नक्कल,’ ती म्हणाली. ठमीला. शिकवताना सांगतात तसं, सौम्यपणे.

मग तिनं दांडीवर पावलं फिरवली आणि माझ्याकडे पाठ केली.

मी पिंजऱ्याचं दार लावलं, वर पलंगावरची चादर टाकली, ठमीला काखेत मारलं आणि टॅक्सी बोलावली. लॅबच्या दारात रंगाचा वास अजून होता. मुख्य बाई म्हणाल्या, ‘अगं, आणखी चार दिवस थांबायचंस. मरेल ना बिचारी.’

‘तिला काही होणार नाही,’ मी म्हटलं.

ठमी रडली नाही. तिनं चादरीवर हात ठेवला, काढला आणि माझ्याबरोबर निमूट आली.

७

सोळा तारखेला आम्ही स्पीच थेरपिस्टकडे गेलो. नवरा रजा काढून आला होता, त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. सासूबाईंनी ठमीच्या केसांना दोन क्लिपा लावून दिल्या होत्या. सकाळपासून मी स्वतःला समजावत होते की पिंजऱ्याचा आकडा ढिला असणार, ध्वनिवाल्याच्या फाइलींची सरमिसळ झाली असणार, आणि मला रजेची गरज आहे. यातलं निदान तिसरं तरी खरं होतं.

थेरपिस्ट बाईंची खोली प्रसन्न होती. भिंतीवर फळांची चित्रं, बुटक्या खुर्च्या, ठोकळ्यांची टोपली. त्यांनी ठमीला बॉल दाखवला, गाडी दाखवली. हे काय आहे? ठमी त्यांच्या ओठांकडे पाहत राहिली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि नवऱ्यानं टेबलाखाली माझा हात पकडला.

‘आपण असं करू,’ बाई म्हणाल्या. ‘आई, तुम्ही बोला तिच्याशी. घरी बोलता तसं. अगदी सहज.’

मी ठमीसमोर गुडघ्यांवर बसले. तिच्या हातात गाडी दिली.

‘ठमी, बाळा. सांग ना. हे काय आहे?’

माझा आवाज मी होता होईल तेवढा मऊ केला होता. तरीही तो मला त्या फटीतून आला होता तसाच ऐकू आला.

ठमीनं मान तिरकी केली. एका डोळ्यानं, डाव्या, माझ्याकडे पाहिलं. तिनं माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं, त्यानंतरही थोडं थांबली, म्हणजे मला सुधारायची संधी द्यावी तशी. मग गाडी खाली ठेवली आणि खुर्चीतल्या खुर्चीत, सावकाश, पाय फिरवून, माझ्याकडे पाठ करून बसली.

‘अरेच्चा, रुसली वाटतं,’ नवरा म्हणाला.

मी मोजायला लागले. मोजायचं नाही असं ठरवलं होतं. चार, पाच. बाई पेन घेऊन पुढे वाकल्या. सात. खोलीत कुणीतरी माझ्याबरोबर मोजत होतं, ठमीच्या केसांतल्या क्लिपा अगदी किंचित हलत होत्या, दर आकड्याला एकदा. नऊ.

‘पुढे,’ ठमी म्हणाली.

इतका स्वच्छ शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. नवऱ्यानं टाळी वाजवली आणि त्याचे डोळे भरून आले. ‘ऐकलंस? अगं, बोलली!’

‘आणि नुसतं बोलली नाही,’ थेरपिस्ट बाई आनंदानं म्हणाल्या. ‘प्रसंग ओळखून बोलली. तिला दुसरं चित्र हवंय. ही काही पोपटपंची नाही हं, आई. तुम्ही उगीच घाबरलात.’ त्यांनी वहीत एक रकाना शोधला आणि त्यात खूण केली. रकान्याच्या वर काय छापलंय ते मला उलटं वाचता आलं. अर्थपूर्ण शब्द.

मी असते तर मीही तीच खूण केली असती. तीन लाख तुकडे ऐकलेला कान माझा. त्या शब्दाला अर्थ होता.

‘कुणाकडून शिकली हो?’ बाईंनी विचारलं. ‘घरात कोण म्हणतं असं?’

नवरा हसत माझ्याकडे बोट दाखवत होता. ठमी अजून पाठमोरी होती, पण तिनं मान थोडी वळवली होती, ऐकण्यापुरती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आजवर कुठेही, कुणाकडूनही ऐकलेलं नाही असं एखादं वाक्य मी शोधत होते.